हार ओवणाऱ्या हातांपासून सुरुवात: माध्यम विद्यार्थ्याने पहिला लघुपट कसा करावा

माध्यम अभ्यासक्रमात लघुपटाचा पहिला प्रकल्प हाती आला की चर्चा बहुधा दोन प्रश्नांवर अडते: कॅमेरा कोणता घ्यायचा आणि विषय कोणता ‘भारी’ ठरेल. पहिला प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही, कारण गेल्या चार-पाच वर्षांतला कोणताही बरा फोन शिकण्यासाठी पुरतो. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र बरेच नुकसान होते. एकटेपणा, परीक्षेचा ताण, व्यसन असा काहीतरी विषय निवडला जातो. मग एक मुलगा ठाण्यातल्या तलावपाळीच्या कठड्यावर बसून मासुंदा तलावाच्या पाण्याकडे पाहत राहतो, मागे पियानो वाजतो, शेवटी काळ्या पडद्यावर संदेश येतो, आणि या सगळ्यातून चित्रपट करण्याबद्दल नेमके काय शिकलो हे गटातल्या कोणालाच सांगता येत नाही.

त्याऐवजी पहिला लघुपट एखाद्या कामाचा करावा. कोणीतरी हाताने काहीतरी बनवत आहे, दुरुस्त करत आहे किंवा विकत आहे, आणि ते तुम्ही संवाद वा निवेदन न वापरता दोन मिनिटांत सांगत आहात, एवढीच अट ठेवावी. कामाला स्वतःची सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, त्यामुळे कथेची रचना आयती मिळते. काम पुन्हा पुन्हा होत असते, त्यामुळे हुकलेला शॉट परत घेता येतो. शिवाय काम करणारी व्यक्ती कामात गुंतलेली असल्याने कॅमेऱ्याकडे पाहत नाही, जे हौशी नटाकडून करवून घेताना दिग्दर्शकाच्या नाकी नऊ येतात. दादासाहेब फाळके यांनीही १९१३ साली आपला पहिला कथापट लोकांसमोर आणण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर दाखवली होती, आणि ती पाहूनच भांडवल देणाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. एक घडणारी गोष्ट टप्प्याटप्प्याने टिपण्याचा तो सराव आजच्या विद्यार्थ्यालाही तितकाच उपयोगी आहे.

काम निवडणे आणि रेकी

ठाणे आणि नवी मुंबईत कामांची वानवा नाही. जांभळी नाक्यावर कौपिनेश्वर मंदिराच्या आसपास हार ओवणारे बसतात, वाशीच्या एपीएमसी बाजारात माथाडी कामगार पोती वाहतात, बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात जाळी दुरुस्त केली जातात, आणि यांपैकी कुठेही जाणे शक्य नसेल तर सोसायटीच्या फाटकाशी बसणारा इस्त्रीवाला किंवा घरात उकडीचे मोदक वळणारी आजी असतेच. निवड करताना दोनच गोष्टी पाहाव्यात: काम पंधरा-वीस मिनिटांत एकदा पूर्ण होणारे असावे, आणि त्यात काहीतरी डोळ्यांदेखत बदलणारे असावे. चांभार चप्पल शिवतो तेव्हा फाटलेले जुळताना दिसते. कोणी संगणकावर हिशेब करत असेल तर तितके महत्त्वाचे काम असूनही पडद्यावर काहीच घडत नाही.

पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढूच नये. नुसते जाऊन पाहावे, एखादा हार विकत घ्यावा आणि मग विचारावे. “मावशी, आम्ही कॉलेजातून आलोय, तुमचं काम शूट केलं तर चालेल का?” असे सरळ विचारले की बहुतेक वेळा “गिऱ्हाइकाच्या वेळेला मधे मधे येऊ नका म्हणजे झालं” असे व्यवहारी उत्तर मिळते, आणि त्या एका वाक्यातून गर्दी कधी असते, मोकळा वेळ कधी असतो हेही कळते. त्याच वेळी ऊन कोणत्या बाजूने येते, उभे राहायला जागा कुठे आहे, रिक्षांचे हॉर्न किती ऐकू येतात आणि संध्याकाळी दुकानातले दिवे कधी लागतात याची वहीत नोंद करावी. चित्रीकरणाच्या भाषेत यालाच रेकी म्हणतात. विद्यार्थी ती टाळतात आणि नंतर चित्रीकरणाच्या दिवशी तीच कामे घाईघाईने करतात.

शॉट कसे पाडावेत

हार ओवण्याचेच उदाहरण घेऊ. एका जागी उभे राहून पूर्ण काम सलग टिपले तर ती नोंद होईल, लघुपट होणार नाही. कामाचे तुकडे पाडावे लागतात, आणि ते तुकडे पाडताना प्रेक्षकाने या क्षणी काय पाहावे हे तुम्ही ठरवत असता. दिग्दर्शन म्हणतात ते इथे सुरू होते. फुलांची टोपली, रस्ता आणि मागची वर्दळ एकत्र दिसणारा एक लाँग शॉट घ्यावा. मग मावशी कमरेपासून वर दिसतील असा मिड शॉट. त्यानंतर हातांचा क्लोज-अप: झेंडूच्या देठातून सुई आत जाते, बोट फुलाला मागे ढकलते, दोरा ताणला जातो. मग खाली पाहणारा चेहरा, फुलांवर शिंपडलेले पाणी, रिकामी होत जाणारी टोपली, दाताने किंवा कात्रीने तोडलेला दोरा, पुढे आलेला गिऱ्हाइकाचा हात, पैसे आल्याचे जाहीर करणारा छोटा स्पीकर आणि पानात गुंडाळून दिलेला हार. असे दहा-बारा शॉट दोन मिनिटांना भरपूर होतात. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरावा, हालचाल सुरू होण्याआधीच रेकॉर्डिंग सुरू करावे आणि ती संपल्यावरही चार-पाच सेकंद थांबावे, कारण संकलनात कापायला जागा लागते ती याच दोन टोकांना.

इथे कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना गोष्टी जुळत्या राहण्याची, पहिली अडचण समोर येते. हार डाव्या बाजूला लोंबत लांब होत जातो. हातांचा क्लोज-अप तुम्ही हार पूर्ण होत आल्यावर घेतला आणि संकलनात तो सुरुवातीला लावला, तर वीतभर हार अचानक हातभर होतो आणि पुढच्या शॉटमध्ये पुन्हा आखडतो. उपाय असा की हातांचे शॉट एकदाच न घेता हार वीतभर, हातभर आणि पूर्ण असताना असे तीन वेळा घ्यावेत आणि कोणता केव्हा घेतला हे वहीत लिहावे. यासोबत एखादा कटअवे, म्हणजे ज्यात हार दिसतच नाही असा शॉट, राखून ठेवावा. तराजू, देवळाकडे जाणारी माणसे, फुलांवर बसलेली माशी, काहीही चालेल. दोन शॉट जुळेनासे झाले की मध्ये हा टाकता येतो.

दुसरी अडचण दिशेची. मावशी आणि गिऱ्हाईक यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मनात ओढावी आणि कॅमेरा सगळा वेळ त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. समजा पदपथावरून पाहताना मावशी डावीकडे आणि गिऱ्हाईक उजवीकडे आहे. तुम्ही उत्साहाच्या भरात दुकानाच्या मागे जाऊन एक शॉट घेतला, तर पडद्यावर दोघांच्या बाजू अदलाबदल होतात आणि हार देणारा हात घेणाऱ्याच्या दिशेने जाण्याऐवजी उलट जाताना दिसतो. याला १८० अंशांचा नियम म्हणतात. तो मोडता येतो, पण मोडताना कॅमेरा रेषा ओलांडताना तरी दाखवावा किंवा मध्ये रेषेवरचाच एखादा शॉट घालावा.

झूम करू नये. फोनमधला बहुतेक झूम म्हणजे चित्राचा मधला भाग ताणणे असते, त्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. चेहऱ्याच्या अगदी जवळ मात्र मुख्य लेन्स नेऊ नये, नाक मोठे दिसते. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असल्यास क्लोज-अपला ती वापरावी.

फोनला शिस्त लावणे

फोनचे स्वयंचलित तंत्र फोटोसाठी उत्तम आणि चित्रीकरणासाठी त्रासदायक असते, कारण शॉट चालू असताना तो स्वतःहून उजेड, रंग आणि फोकस बदलत राहतो. पांढऱ्या शर्टाचा माणूस मागून गेला की मावशींचा चेहरा काळवंडतो. पडद्यावर बोट दाबून धरल्यास बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड जागच्या जागी लॉक होतात. याहून अधिक ताबा हवा असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे विनामूल्य अॅप उतरवून घ्यावे, त्यात प्रत्येक गोष्ट हाताने ठरवता येते.

त्यात सर्वप्रथम सेकंदाला २५ फ्रेम हा वेग निवडावा आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० सेकंदावर ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/५० किंवा १/१०० या शटरला ते चढउतार प्रत्येक फ्रेममध्ये सारखेच पकडले जातात, तर दुसऱ्या वेगांना चित्रावर सरकणारे पट्टे दिसतात; बाजारातल्या संध्याकाळच्या फुटेजमध्ये हमखास दिसणारा दोष तो हाच. भर उन्हात १/५० ला चित्र पांढरेफटक होते, आणि फोनचे अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत येण्याचे छिद्र, बहुधा लहानमोठे करता येत नाही, म्हणून एकतर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावावा किंवा सावलीची जागा शोधावी. रंगांसाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची मांडणी, दिवसाच्या उजेडात सुमारे ५६०० केल्विनवर आणि पिवळ्या बल्बखाली ३२०० च्या आसपास पक्का करावा. दोन्ही प्रकारचा उजेड एकत्र असेल तर शक्य असल्यास एक दिवा बंद करावा.

उन्हाबद्दल इथल्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ठाणे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. संध्याकाळी तो झपाट्याने खाली उतरतो, त्यामुळे थंड देशांतल्या व्हिडिओंमध्ये सांगितलेला लांबलचक सोनेरी उजेड आपल्या वाट्याला येत नाही. अर्ध्या-पाऊण तासात काय घ्यायचे ते आधी लिहून ठेवावे लागते. पावसाळ्यातला ढगाळ उजेड मात्र फार चांगला असतो, मऊ आणि सगळीकडून सारखा, आणि त्याचा विद्यार्थी पुरेसा उपयोग करत नाहीत असे माझे मत आहे. अडचण दमटपणाची. एसीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, ती पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. कॉलेजचा डीएसएलआर वापरत असाल तर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, नाहीतर लेन्सला बुरशी लागते.

आवाज

विद्यार्थ्यांच्या लघुपटांत सर्वांत दुबळी बाजू आवाजाची असते, आणि ती सुधारायला सर्वांत कमी खर्च येतो. प्रेक्षक थोडे अंधूक चित्र सहन करतो, पण शब्द कळले नाहीत तर तो फोन बाहेर काढतो. मूळ तत्त्व एकच: माइक आवाजाच्या जवळ न्यावा. अंतर दुप्पट झाले की थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून आठ फुटांवरच्या कॅमेऱ्याचा माइक कितीही महाग असला तरी हातभर अंतरावर ठेवलेला साधा माइक त्याला मागे टाकतो.

माइक नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून वापरावा. फुलांच्या टोपलीआड, हातांच्या जवळ तो ठेवावा, ४८ किलोहर्ट्‌झच्या वेव्ह फाइलवर रेकॉर्ड करावे आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. शॉट सुरू झाला की कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. संकलनात टाळीची फ्रेम आणि टाळीचा आवाज जुळवले की दोन्ही फाइली एका ओळीत येतात. दोरा ताणल्याचा बारीक आवाज, पाणी शिंपडल्याचा आवाज, कात्रीचा आवाज हे चित्रीकरण संपल्यावर वेगळे, अगदी जवळून घ्यावेत. त्याशिवाय कोणीही न बोलता त्या जागेचा किमान एक मिनिट आवाज रेकॉर्ड करावा. दोन शॉटच्या सांध्यावर मागचा आवाज तुटतो तेव्हा तो भरून काढायला हा तुकडा लागतो.

घरात मुलाखत घेणार असाल तर पंखा बंद करावा, फ्रिज बंद करावा आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते. कोपरी किंवा कळव्यासारख्या रुळांलगतच्या भागात लोकल गेल्यावर पुढची येईपर्यंतच्या मोकळ्या वेळात टेक घ्यावा लागतो. गाडीचा आवाज येताच थांबावे. “नंतर एडिटमध्ये काढू” या वाक्यावर भरवसा ठेवू नये, कारण शब्दावर चढलेला गाडीचा आवाज काढताना शब्दही खरवडला जातो.

संकलन

फुटेज आणल्याबरोबर दोन वेगळ्या डिस्कवर त्याच्या प्रती कराव्यात, आणि त्या होईपर्यंत फोनमधले काहीही पुसू नये. गटात फुटेज व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवले तर ते दाबले जाऊन खराब होते. पेन ड्राइव्ह वापरावा. संकलनासाठी संगणक बऱ्यापैकी असेल तर डाव्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती घ्यावी, जुना असेल तर केडेनलाइव्ह चालेल. टाइमलाइनचा, म्हणजे क्लिप ओळीने लावायच्या पट्टीचा, वेग २५ फ्रेम आहे ना हे क्लिप आत घेण्यापूर्वीच तपासावे, कारण रिझॉल्व्हमध्ये नंतर तो बदलता येत नाही. फोनच्या नेहमीच्या अॅपवर घेतलेल्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेग कमीजास्त होत असतो आणि लांब शॉटमध्ये वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. अशा क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाच्या करून घ्याव्यात.

पहिला कट संगीताशिवाय करावा. हा आग्रह अनेकांना जाचक वाटतो, पण संगीत लावले की सैल कटही बरा वाटू लागतो आणि चूक कुठे आहे ते दिसेनासे होते. आधी शॉट कामाच्या क्रमाने लावावेत. मग प्रत्येक सांध्यावर हालचालीच्या मध्ये कापून पाहावे: मिड शॉटमध्ये हात टोपलीकडे निघाला की कापावे आणि क्लोज-अपमध्ये तो फुलापर्यंत पोचताना दाखवावा. प्रेक्षकाची नजर हालचालीमागे जाते आणि कट जाणवत नाही. त्यानंतर आवाज चित्राआधी अर्धा सेकंद सुरू करून पाहावा. पैसे आल्याची घोषणा आधी ऐकू येते, मग स्पीकर दिसतो. एवढ्या छोट्या बदलाने दृश्य पुढे ओढले जाते.

क्रम बदलण्याचा प्रयोगही याच फुटेजवर करावा. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने शतकापूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी लावला आणि प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर भूक किंवा दुःख दिसले. तुम्ही मावशींच्या चेहऱ्याचा शॉट एकदा रिकाम्या टोपलीनंतर लावा आणि एकदा घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकानंतर लावा. चेहरा तोच असूनही अर्थ वेगळा होईल. यात एक जबाबदारीही येते. त्या वैतागलेल्या नसताना कटमुळे वैतागलेल्या दिसत असतील तर तो कट, कितीही परिणामकारक असला तरी, ठेवू नये.

दुसरा लघुपट: दोन माणसे, एक खोली

काम दाखवता येऊ लागल्यावर संवादाकडे वळावे. दोन पात्रे, एक खोली, तीन मिनिटे आणि दोघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या आहेत, एवढे पुरे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट हा हिशेब मराठीत टंकलेल्या पानाला नेहमी लागू पडत नाही, म्हणून संवाद मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. घणसोलीतला आजोबा आगरीत बोलत असेल तर ती बोली येणाऱ्याकडून लिहून घ्यावी. दोन-चार शब्द पेरून केलेली आगरी विनोदी होते.

नट एकांकिका करणाऱ्या मुलांतून मिळतात आणि ते मेहनती असतात, पण त्यांना गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते. त्यांना ‘कमी अभिनय कर’ असे सांगून भागत नाही, त्याने ते नुसते अवघडतात. हाताला काहीतरी काम द्यावे, मटार सोलायला सांगावे किंवा कपड्यांच्या घड्या घालायला लावावे, आणि संवाद शेजारच्या बाकावरच्या मित्राला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणवून घ्यावा. उजेडासाठी खिडकी पुरते. नटाला खिडकीसमोर पाठ करून बसवू नये, खिडकी त्याच्या एका बाजूला तिरकी येईल असे बसवावे, ट्यूबलाइट बंद करावी आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला उजेड परतवण्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा पुठ्ठा) धरावा. आधी दोघे दिसतील असा मास्टर शॉट पूर्ण दृश्याचा घ्यावा, मग एकेकाचे क्लोज शॉट, कॅमेरा पुन्हा रेषेच्या त्याच बाजूला ठेवून.

परवानगी आणि हक्क

कॉलेजच्या लेटरहेडवरचे पत्र आणि ओळखपत्र नेहमी जवळ ठेवावे, आणि ज्या व्यक्तीवर लघुपट आहे तिची लेखी संमती तिला वाचता येईल अशा भाषेत घ्यावी. रेल्वे स्थानकाच्या आवारात परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तिथे वनविभागाचा प्रश्न येतो. पहिल्या लघुपटासाठी या दोन्ही जागा टाळलेल्या बऱ्या. चित्रपटगीत वापरताना रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे दोन वेगळे हक्क असतात, त्यामुळे संगीतकाराची ओळख असून भागत नाही. गटात गाणारा किंवा वाजवणारा कोणी असेल तर त्याच्याकडूनच दोन मिनिटांचे संगीत करवून घ्यावे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव द्यावे.

जमा करण्यापूर्वी लघुपट हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर आणि वर्गातल्या प्रोजेक्टरवर असा तीन ठिकाणी पाहावा, कारण संगणकावर नीट दिसलेला अंधार प्रोजेक्टरवर नुसता काळा होतो. पाहणाऱ्यांच्या मागे बसून ते कुठे चुळबुळ करतात त्याची वेळ लिहून घ्यावी आणि बहुधा तिथलेच काही सेकंद कापावेत. अंतिम प्रत मावशींना दुकानावर जाऊन दाखवावी. काही काढायला सांगितले तर काढावे. मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल निकाल लागेपर्यंत पुसू नये, कारण परीक्षक बदल सुचवतात तेव्हा बहुतेक गटांकडे शेवटची एमपी४ तेवढी उरलेली असते.